चिनी मेजवानीतला प्याला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चीनमधल्या शाओशिंगजवळच्या कछ्याओच्या कापडबाजारात किंवा यिवूला माल घ्यायला निघालेले व्यापारी, मशीनच्या चाचणीसाठी जाणारे इंजिनिअर, मुलगी तिकडे डॉक्टरकी शिकायला गेली म्हणून काळजीत पडलेले पालक, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून मेजवानीच्या त्याच टेबलाशी येतात. मी दुभाष्याचं काम करतो, त्यामुळे त्या टेबलावर बरेचदा बसलोय आणि एकदोनदा उठताना धडपडलोही आहे. रीत कुठून आली हे कळलं की ती पाळणं सोपं जातं, आणि टाळणंही. म्हणून उत्तरांत इतिहास जरा जास्त आहे.

१. 'गानबेई' म्हणजे आपलं 'चिअर्स'च ना?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. 'गान' म्हणजे कोरडं, 'बेई' म्हणजे प्याला. प्याला कोरडा करा, इतका सरळ हुकूम आहे तो. 'गानबेई' म्हणून घोटभर घेतलंत आणि प्याला खाली ठेवलात, तर दिलेला शब्द मोडल्यासारखं दिसतं. प्यायल्यावर प्याला किंचित कलता करून समोरच्याला तळ दाखवतात तो त्यासाठीच.

पूर्ण रिकामा करायचा नसेल तर शब्द आहे 'सुईयी', म्हणजे मनाला येईल तेवढं. पण त्यातही मेख आहे. यजमान पुष्कळदा म्हणतो, 'मी रिकामा करतो, तुम्ही सुईयी.' ऐकायला सूट वाटते. आपल्याकडे पंगतीत वाढणारा 'आग्रह नाही हं' म्हणतो आणि हातातली जिलबी मात्र पानावर धरून उभा असतो, तशी ही सूट. वयानं किंवा हुद्द्यानं लहान असलेला माणूस अशा वेळी बहुधा प्याला रिकामाच करतो.

२. टेबलावर असतं ते नेमकं काय? वाईन की व्हिस्की?

चिनी भाषेत 'ज्यौ' या एका शब्दात सगळं येतं. तांदळाची, ज्वारीची, द्राक्षाची दारू आणि बीअरसुद्धा. जुन्या ग्रंथांच्या भाषांतरांत या शब्दाला सरसकट 'वाईन' म्हणतात आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे द्राक्षं येतात. ती काढून टाका.

मेजवानीत दोन मुख्य. 'ह्वांगज्यौ', म्हणजे पिवळी दारू, ही भाताची, आंबवलेली, ऊर्ध्वपातन न केलेली. हिच्यात मद्यार्क साधारण १४ ते २० टक्के. शाओशिंग हे हिचं माहेर, आणि थंडीत ती कोमट करून पितात. दुसरी 'बायज्यौ', पांढरी दारू. ही मुख्यतः ज्वारीची, भट्टीवर काढलेली, पाण्यासारखी स्वच्छ. हिच्यात ३८ पासून ६० टक्क्यांच्याही वर मद्यार्क असतो, प्रसिद्ध माओताईत ५३. दोन्हींच्या मुळाशी 'छ्यू' नावाचं आंबवण आहे. धान्याच्या विटा करून त्यांवर बुरशी आणि यीस्ट वाढू देतात, आणि विरजणासारखं तेच पुढच्या धान्याला लावतात. धान्यातल्या पिठाची साखर आणि साखरेची दारू ही दोन्ही कामं हे एकच विरजण एकाच भांड्यात उरकतं.

बायज्यौचा प्याला अंगठ्याएवढा असतो, त्यात जेमतेम दहा-पंधरा मिलिलिटर मावते. तो पाहूनच नवखा माणूस फसतो. प्याला लहान असला तरी तो किती वेळा भरला जाणार आहे हे कुणी सांगत नाही.

३. पण जुने कवी तीनशे-तीनशे प्याले प्यायचे म्हणतात!

तीनशे प्याल्यांची भाषा ली बायची. तो आठव्या शतकातला, तांग काळातला कवी. अतिशयोक्ती सोडली तरी त्याच्या काळची दारू आंबवलेली, आजच्या बायज्यौच्या मानानं बरीच सौम्य होती. भट्टीची दारू चीनमध्ये सर्वत्र पसरली ती युआन काळापासून, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकात. ली शीझेन या वैद्यानं १५७८ मध्ये पुऱ्या केलेल्या आपल्या औषधी ग्रंथात स्पष्ट लिहिलंय की जाळावर काढलेली दारू ही प्राचीन पद्धत नाही, युआन काळात ती सुरू झाली. त्याआधीही ऊर्ध्वपातन होत असावं असं काही अभ्यासक मानतात, पण घरोघरी ते नव्हतं.

थोडक्यात, मोठे प्याले आणि शेकड्यांचे आकडे ही रीत सौम्य दारूच्या काळातली. दारू तिप्पट कडक झाली आणि आग्रह मात्र जुनाच राहिला. घोटाळा तिथे आहे.

४. चीनमध्ये दारू किती जुनी? पहिल्यांदा कुणी केली?

हनान प्रांतात जियाहू नावाचं नवाश्मयुगीन गाव उत्खननात सापडलं. तिथल्या मडक्यांना चिकटलेल्या अंशांचं रासायनिक पृथक्करण २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. तांदूळ, मध आणि फळं एकत्र आंबवल्याच्या खुणा त्यात मिळाल्या. काळ इसवी सनापूर्वी ७००० च्या आसपासचा, म्हणजे आजपासून सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचा.

दंतकथेत दोन नावं येतात. दू खांग हे नाव तर पुढे दारूलाच प्रतिशब्द झालं. दुसरं नाव यी दी. यी दीनं उत्तम दारू करून यू राजाला दिली. राजानं चाखली, आवडली, आणि त्यानं यी दीला दूर केलं. म्हणाला, पुढे कुणीतरी हिच्यापायी राज्य घालवेल. मला ही कथा फार आवडते, कारण चीनमध्ये दारूची पहिली गोष्ट तिच्या धास्तीची आहे. पुढचं सगळं शिष्टाचाराचं प्रकरण त्या धास्तीतूनच वाढलं.

५. मग प्याला उचलून कुणाला तरी अर्पण करायची रीत आली कुठून?

आधी देवांना आणि पूर्वजांना, मग माणसांना. शांग घराण्याच्या काळात (इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते १०४६) काशाची जी भांडी घडवली, त्यांतली पुष्कळशी दारू तापवायची, साठवायची, ओतायची. 'ज्युए' हे त्यांतलं सगळ्यात ओळखीचं: तीन पाय, एका बाजूला लांब चोच, काठावर दोन खुंट्या. पुढे हाच 'ज्युए' शब्द सरदारकीच्या दर्जासाठी वापरात आला. प्याला आणि पदवी एकच.

पूर्वजांना दारू वाहून मग उरलेली जिवंतांनी घ्यायची. सभेत सर्वांत वडीलधारा माणूस पहिली दारू जमिनीवर ओतायचा. त्याला म्हणत 'जीज्यौ'. आपल्याकडे जेवणाआधी पानाभोवती चित्राहुती घालतात, त्याच्या जवळचं हे. गंमत म्हणजे 'जीज्यौ' ही पदवी वाढत वाढत राजधानीतल्या विद्यापीठाच्या प्रमुखाची पदवी झाली. कुलगुरूला 'दारू वाहणारा' म्हणायचे! तत्त्वज्ञ श्युन्झी हा इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात तीन वेळा असा जीज्यौ झाल्याची नोंद आहे.

आजही छिंगमिंगला, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाला, थडग्यापुढे दारू ओततात. मेजवानीत एकट्यानं निमूटपणे प्याला तोंडाला लावणं विचित्र का दिसतं, याचं मूळ मला इथे दिसतं. दारू आपण घ्यायची नसते, कुणाला तरी द्यायची असते, आणि त्या देण्यात आपलं पिणं होऊन जातं. याच्या पुस्तकी टोकाला ली बाय आहे. बागेत एकटाच असताना तो चंद्राला बोलावतो, सावलीला धरून तीन जण मोजतो आणि मगच पितो.

६. यजमान-पाहुण्यांमध्ये प्याले फिरवण्याचे जुने नियम काय होते?

हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर.

शांग घराणं दारूत बुडालं, असं त्यांना हरवणाऱ्या झौ घराण्याचं म्हणणं. शेवटच्या शांग राजानं दारूचं तळं आणि मांसाचं रान केलं, ही कथा तेव्हाच्या जेत्यांच्या परंपरेतूनच आली. झौंनी दारूविषयी कडक फर्मान काढलं, ते प्राचीन दस्तऐवजांच्या संग्रहात आजही वाचायला मिळतं. प्यायची ती पूजेच्या वेळी. आपले लोक टोळक्यानं पिताना सापडले तर पकडून राजधानीत पाठवा, त्यांना मारलं जाईल. शांगांच्या जुन्या अधिकाऱ्यांना मात्र आधी समजावून सांगा.

पण दारू बंद होत नाही हे त्यांना उमगलं असावं. त्यांनी मग तिला विधींनी बांधून टाकलं. विधिग्रंथांत यजमान-पाहुण्याच्या प्याल्याचे तीन टप्पे आहेत. यजमान पाहुण्याला प्याला देतो, तो 'श्येन'. पाहुणा तो पिऊन यजमानाला उलट देतो, तो 'त्सुओ'. मग यजमान स्वतः आधी पिऊन पाहुण्याला पुन्हा देतो, तो 'छौ'. हे तीन मिळून एक फेरी. मधे काय काय? यजमान प्याला धुवायला पायऱ्या उतरून खाली जातो. पाहुणाही मागोमाग उतरतो, 'आपण कशाला त्रास घेता' म्हणून नको-नको करतो. यजमान धुतोच. पुन्हा वर. नमस्कार. ओतणं. नमस्कार. विधिग्रंथातल्या संगीतावरच्या प्रकरणात लिहिलंय की एका फेरीच्या विधीत यजमान आणि पाहुणा शंभर वेळा वाकतात, त्यामुळे दिवसभर पिऊनही कुणाला चढत नाही. पूर्वजांनी दारूच्या अनर्थावर उपाय केला तो हा, असं पुढे म्हटलंय.

म्हणजे टोस्टची रीत जन्मली ती कमी पाजण्यासाठी! आज ती जास्त पाजायला वापरतात.

यातला 'छौ' शब्द अजून जिवंत आहे. धंद्यापायी, मनात नसताना जेवणावळींना जावं लागतं, त्याला आज 'यिंगछौ' म्हणतात. आणि कामाच्या मोबदल्याला 'बाओछौ'. दोन्हींत तोच परतफेडीचा प्याला आहे.

७. पण मग 'रिकामा करायलाच हवा' ही सक्ती कधी आली?

तीही जुनीच. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात ल्यू श्यांग या विद्वानानं संकलित केलेल्या गोष्टींत एक प्रसंग आहे. वेई राज्याचा अधिपती वेन (इसवी सनापूर्वी ४४५ ते ३९६) मंत्र्यांसोबत पीत होता. गोंगछंग बूरेन नावाच्या माणसाला त्यानं त्या बैठकीचा कारभारी नेमलं आणि नियम केला: जो प्याला पुरता रिकामा करणार नाही त्याला मोठ्या प्याल्याचा दंड. थोड्या वेळानं अधिपतीनंच अर्धा ठेवला. बूरेन मोठा प्याला घेऊन उभा राहिला. अधिपतीनं नुसतं पाहिलं. सेवक म्हणाला, मागे हो, महाराजांना झालीय. बूरेन म्हणाला, नियम केलात आणि तो चालत नाही, हे बरं का? अधिपती 'बरोबर' म्हणाला, प्याला घेऊन प्यायला आणि बूरेनला मानाच्या पाहुण्याची जागा दिली.

बैठकीपुरता एक कारभारी नेमायचा आणि त्याचा शब्द राजालाही लागू, ही कल्पना पुढे खेळांत उतरली (प्रश्न १० पाहा).

८. उशिरा पोचलो तर तीन प्याले पाजतात. हा काय प्रकार?

हा दंड, 'फाज्यौ'. इसवी सन २९६ मध्ये शी छोंग या श्रीमंत सरदारानं आपल्या जिनगू बागेत मित्र जमवले. ज्याला कविता जमणार नाही त्यानं तीन 'दोउ' दारू प्यायची, असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. दोउ हे मोठं माप आहे, अंगठ्याएवढा प्याला नव्हे. ३५३ मध्ये वसंतातल्या तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी शाओशिंगजवळ लानतिंगला सुलेखनकार वांग शीझी आणि मंडळी अशीच जमली. एकूण ४२ जण ओढ्याकाठी बसले, वरून प्याले पाण्यावर सोडले. प्याला ज्याच्यापुढे थांबेल त्यानं प्यायचं आणि कविता करायची. २६ जणांना जमली, १६ जणांना नाही, त्यांना दंड झाला. त्या सोळांत वांग शीझीचा नऊ-दहा वर्षांचा मुलगाही होता. चारशे वर्षांनी ली बाय आपल्या बागेतल्या रात्रीच्या जेवणावर लिहिताना सांगतो: कविता झाली नाही तर जिनगूच्या हिशेबानं दंड.

तेव्हा दंड कवितेचा होता. आता तो ट्रॅफिकमध्ये अडकल्याचा झालाय. आकडा तेवढा तीनच राहिला. 'मानाचा प्याला घेत नाहीस तर दंडाचा घे' ही म्हण मात्र नीट ध्यानात ठेवा. ती जेवणाच्या टेबलावर कमी आणि धमकी म्हणून जास्त ऐकू येते.

कछ्याओला जाणाऱ्यांनी अर्धा दिवस काढून लानतिंग जरूर पाहावं. फार लांब नाही.

९. प्याला भिडवताना ते आपला प्याला खाली का नेतात?

मान म्हणून. लहान माणसाच्या प्याल्याचा काठ मोठ्याच्या काठाखाली असायला हवा. दोन्ही हातांनी धरायचा, मोठा उभा राहिला तर आपणही उभं राहायचं. दोघंही नम्र असले की दोन्ही प्याले खाली खाली सरकत टेबलाला टेकतात, आणि मग हसून प्यायचं.

वयाच्या उतरंडीचा धागा मात्र प्राचीन. गावच्या मद्यविधीचं वर्णन ग्रंथांत आहे. साठीच्या माणसांनी बसायचं, पन्नाशीच्यांनी उभं राहून सेवा करायची. साठीला तीन पात्रं, सत्तरीला चार, ऐंशीला पाच, नव्वदीला सहा. गावातल्या पोराटोरांना वडिलांचा मान डोळ्यांनी दिसावा म्हणून हा विधी होता.

प्याला भिडवण्यामागे 'एकमेकांची दारू मिसळून विषाची खात्री करायची' ही गोष्ट तुम्हाला कुणीतरी सांगेलच. तिला आधार नाही. प्याला धुण्याची पायरी न् पायरी लिहिणाऱ्या विधिग्रंथांत प्याले भिडवणं येतच नाही.

मोठ्या गोल टेबलावर पलीकडच्या माणसापर्यंत हात पोचत नाही. अशा वेळी मधल्या फिरत्या काचेवर प्याला हलकेच टेकवतात. तेही भिडवणंच.

१०. बोटं नाचवत ओरडतात तो खेळ कोणता?

'ह्वाछ्युआन'. दोघं एकाच वेळी शून्य ते पाच बोटं दाखवतात आणि बेरीज किती होईल ते ओरडतात. ज्याचं बरोबर तो जिंकला. हरणारा पितो. जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून दारू नाही, हे लक्षात घ्या.

अशा खेळांना एकत्रित नाव 'ज्यौलिंग', दारूचा हुकूम. सर्वांत जुना बहुतेक बाण सुरईत फेकण्याचा, त्यावर विधिग्रंथात अख्खं प्रकरण आहे. सर्वांत देखणा पुरावा १९८२ मध्ये ज्यांगसू प्रांतात झेनज्यांगजवळ मिळाला: तांग काळातली सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची नळकांडी, कासवाच्या पाठीवर उभी, आत ५० चांदीच्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर वर कन्फ्यूशियसच्या संवादांतलं वचन आणि खाली हुकूम. कुणी प्यायचं, किती प्यायचं, कुणाला माफ. दुरून मित्र आले यासारखा आनंद कोणता, या वचनाखाली मुख्य पाहुण्यानं अर्धा प्याला घ्यावा असा हुकूम आहे. ज्ञानेश्वरीच्या ओव्यांवर कुणी असा खेळ काढला असता तर आपल्याकडे काय झालं असतं, याची कल्पना न केलेली बरी.

११. लग्नात नवरा-नवरी हात गुंफून पितात, ती रीत सिनेमातली की खरी?

खरी, पण हात गुंफणं अलीकडचं. मूळ विधी 'हजिन'. एक भोपळा उभा चिरून दोन अर्ध्यांचे दोन प्याले करायचे आणि दोघांनी त्यातून प्यायचं. एकाच फळाचे दोन भाग पुन्हा जुळले, हा अर्थ. सोंग काळात (दहावं ते तेरावं शतक) रंगीत दोऱ्यानं बांधलेले दोन प्याले असत. पिऊन झाल्यावर ते पलंगाखाली टाकायचे आणि एक उताणा, एक पालथा पडला तर शुभ मानायचं.

लग्नाच्या जेवणालाच 'शी-ज्यौ', आनंदाची दारू, म्हणतात. 'तुझी शी-ज्यौ कधी पाजतोस?' हा तिकडच्या काकवांचा 'लाडू कधी?' जोडपं टेबलोटेबली जाऊन प्रत्येकाला प्याला देतं. वीस टेबलं असली तर त्यांच्या बाटलीत बहुधा पाणी असतं आणि ते सगळ्यांना माहीत असतं.

शाओशिंगकडे मुलगी जन्मली की दारूचे रांजण पुरून ठेवायचे आणि तिच्या लग्नात काढायचे. 'न्यूअर होंग' हे नाव त्यावरून.

१२. नेहमी वडीलधारेच आधी पितात का?

जवळजवळ नेहमी. अपवाद नववर्षाचा. औषधी वनस्पती घातलेली 'थूसू' नावाची दारू जुन्या काळी वर्षाच्या पहिल्या दिवशी घ्यायचे आणि ती सर्वांत लहानापासून सुरू व्हायची. कारण जुन्या लेखनातच दिलंय: लहान माणसाला एक वर्ष मिळालं म्हणून त्याचं अभिनंदन आधी, म्हाताऱ्याचं एक वर्ष गेलं म्हणून त्याला नंतर. म्हातारपणी शेवटी प्याला येण्यावर कवींनी बरंच हळहळून लिहिलंय. चीनमध्ये ही रीत आता जवळपास नाहीशी झाली. जपानात नववर्षाला 'तोसो' म्हणून ती टिकलीय.

१३. मी पीतच नाही. अपमान होईल का?

पहिला प्याला भरण्याआधी सांगितलंत तर नाही. दोन प्याले घेऊन तिसऱ्याला 'मी पीत नाही' म्हणालात तर होईल, कारण मग ते त्या तिसऱ्या माणसाला नाकारणं ठरतं. धर्म, व्रत, औषध, डॉक्टर यांतलं खरं कारण एका वाक्यात सांगा आणि चहाचा प्याला उचला. 'दारूऐवजी चहा' ही तिकडे मान्य वाट आहे आणि तिला सतराशे वर्षांचा आधार आहे. वू राज्याचा राजा सुन हाओ (राज्यकाळ २६४ ते २८०) मेजवानीत प्रत्येकाला किमान सात शेंग (हे तेव्हाचं माप) दारू पाजायचा. वेई याओ या इतिहासकाराला दोनच झेपत. राजानं त्याच्यासाठी गुपचूप चहा भरवला. पुढची ओळ मात्र क्वचितच सांगतात: मर्जी उतरल्यावर त्याच वेई याओवर दारूची सक्ती होऊ लागली आणि न पिणं हा गुन्हा ठरला. शेवटी राजानं त्याला ठार मारलं. चहा मर्जीवर मिळतो, तेव्हा मर्जी आधीच कमवून ठेवा.

माणूस चहा घेऊनही टोस्ट देऊ शकतो, आणि द्यावाच. न पिणं चालतं, उठून कुणाला मान न देणं चालत नाही.

चेहरा लगेच लाल होत असेल तर ते सांगायला लाजू नका. पूर्व आशियातल्या साधारण एकतृतीयांश लोकांना हे होतं, कारण दारूतून शरीरात तयार होणारं विषारी द्रव्य मोडणारं एक विकर त्यांच्यात दुबळं असतं. म्हणजे टेबलावरच्या प्रत्येक तिसऱ्या माणसाला ही अडचण आतून ठाऊक असते.

१९७२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन पेकिंगला गेले, त्याआधी पाहणीला गेलेल्या त्यांच्या सहाय्यकानं माओताई चाखून तार केली होती की अध्यक्षांनी ती काही झालं तरी पिऊ नये. निक्सन यांनी चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्यासोबत प्याला उचलला आणि प्यायलेही.

१४. सगळ्या चीनमध्ये हेच नियम?

अजिबात नाही. शानदोंगमध्ये मुख्य यजमान आणि उपयजमान समोरासमोर बसतात, दोघांनी किती प्याले घडवायचे ते ठरलेलं असतं, आणि माशाचं डोकं ज्याच्याकडे वळेल त्यानं आधी प्यायचं. मंगोल घरी अनामिका दारूत बुडवून थेंब आभाळाकडे आणि जमिनीकडे उडवतात (प्रश्न ५ मधलं अर्पण इथे अजून तसंच दिसतं). मिआओ जमातीच्या वस्तीत दारातच वाट अडवून पाजतात. ग्वांगदोंगकडे जोर चहावर. तिथे कुणी ओतलं की दोन बोटांनी टेबलावर हलकेच ठोकून आभार मानतात. छ्यानलोंग बादशहा वेष पालटून फिरायचा, त्यानं चहा ओतला तेव्हा सेवकांनी लोटांगणाऐवजी बोटं टेकवली, ही त्यामागची दंतकथा. दारू काठोकाठ भरायची आणि चहा अर्धवट, हे मात्र बहुतेक ठिकाणी सारखंच.

१५. हल्ली हे कमी होतंय असं ऐकलं. खरं?

बऱ्याच अंशी. १ मे २०११ पासून दारू पिऊन गाडी चालवणं हा फौजदारी गुन्हा झाला. रक्तात १०० मिलिलिटरला ८० मिलिग्रॅम ही त्याची रेषा, आणि २० मिलिग्रॅमच्या वर गेलात तरी परवान्यावर गदा. त्यामुळे 'गाडी आहे' ही तिकडची सर्वांत बळकट सबब झाली. डिसेंबर २०१२ पासून सरकारी उधळपट्टीवर बंधनं आली आणि महागड्या बायज्यौचा मोठा ग्राहक गप्प झाला. मे २०२५ च्या सुधारित नियमांनी सरकारी कामाच्या जेवणात दारूच बंद केली. आणि सक्तीनं पाजल्यामुळे कुणाचा जीव गेला तर सोबत पिणाऱ्यांना भरपाई द्यायला लावणारे निकाल तिथल्या न्यायालयांनी दिलेत. तरुण मंडळी ऑफिसातल्या आग्रहाला उघड वैतागलेली दिसतात. खासगी कारखानदाराच्या टेबलावर मात्र फार फरक पडलाय असं समजून जाऊ नका.

१६. शेवटचा प्याला कोणता हे कसं ओळखायचं?

भात, नूडल किंवा कलिंगडाच्या फोडी आल्या की संपत आलं. यजमान एकदा सर्वांना उद्देशून म्हणेल, 'मन छ्येन छिंग', आपापल्या दारापुढचं साफ करा. ज्याच्यापुढे जेवढं उरलंय तेवढं सगळ्यांनी एकदम संपवायचं. म्हणून त्या सुमारास प्याला पुन्हा भरून घेऊ नका.

आणि मग सगळे उठतात. आपल्यासारखं दारात उभं राहून अर्धा तास गप्पा नाहीत, पाच मिनिटांत खोली रिकामी. पहिल्यांदा मला वाटलं होतं, माझं काहीतरी चुकलं. उठायचं केव्हा, यावर कन्फ्यूशियसच्या वागण्याची एक ओळ नोंदलेली आहे: गावच्या मद्यविधीत काठी टेकणारे म्हातारे बाहेर पडले की तोही निघायचा. तेव्हा टेबलावरच्या सर्वांत वयस्कर माणसावर नजर ठेवा.